धुराड्यावरचा डबा

नळी तोंडात धरा आणि सगळा जोर लावा, असं दवाखान्यातल्या तपासणीच्या मुलीने सांगितलं. मी लावला. डोळे बाहेर येतील इतका लावला. समोरच्या कॉम्प्युटरवरची रेघ मात्र जागची हलेना. मुलगी एकदा रेघेकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"काका, तुम्ही ओढताय. उसाचा रस नाहीये तो. फुंकायचंय."

चौपन्न वर्षांचा माणूस. अंबरनाथच्या कारखान्यांना हवा ओढणाऱ्या आणि हवा सोडणाऱ्या पत्र्याच्या नळ्या बनवण्यात तीस वर्षं घालवलेला. नळीतून वारा कुठल्या बाजूने जातो, हे त्याला उल्हासनगरच्या दवाखान्यात एका पोरीने शिकवलं.

माझी बायको वनिता फाईल आणि पिशवी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तीन आठवडे मला खोकला होता, म्हणून सोबतीला आलेली. ती हसायला लागली. मला वाटलं, हसू दे. पण हसता हसता तिला खोकला आला, आणि तो थांबेना. ती पुढे वाकली, पदर तोंडाशी धरला, एका हाताने "काही नाही, काही नाही" करत राहिली. घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही ना, तसा तिचा खोकला मला ऐकू येईनासा झाला होता. त्या मुलीला मात्र पहिल्यांदाच ऐकू आला. ती उठून आतल्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर सिंधी, वयस्कर, घाई नसलेले. म्हणाले, "भाभीजी, अब आप बैठिए स्टूल पर."

तिने पहिल्याच खेपेला बरोबर फुंकलं. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा रेघ थोडी वर गेली आणि दमल्यासारखी आडवी झाली.

"भाई साहब, आपको कुछ नहीं है, एसिडिटी है," डॉक्टर मला म्हणाले. मग खुर्ची तिच्याकडे वळवली. "भाभीजी को बहुत पहले आना चाहिए था."

*

फुप्फुसांच्या आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, सीओपीडी. त्याची माहिती मी इथे देणार नाही, ती डॉक्टरांनाच विचारा. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल.

डॉक्टरांनी विचारलं, "लकड़ी पे खाना बनाती हैं?"

बदलापूरला लागून असलेल्या कुळगावच्या जुन्या गावठाणात आमचं घर आहे. आम्ही आगरी. घरातला रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो, पण मागच्या पत्र्याच्या पडवीत मोठी चूल आहे. तिच्यावर वनिता आणि माझी थोरली वहिनी हौसावहिनी, दोघी मिळून तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतात. आमच्यात लग्नाआधीच्या हळदीला सगळा गाव जेवतो, आणि त्या जेवणात गॅसवरची भाकरी कुणी पानात घेतली तरी तोंडात घेत नाही. वनिताच्या भाकरीला बदलापुरापासून जांभूळ गावापर्यंत मागणी. तिचं नाव आहे त्या कामात. माझं माझ्या कामात एवढं नाही.

"चिमनी है?" डॉक्टर म्हणाले.

"है ना साहब. मैंने खुद बनाई है," मी छाती काढून सांगितलं.

वनिताने माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगतो. धुराडं होतं, मीच बसवलं होतं. वर्कशॉपच्या उरलेल्या पत्र्याचं, झकास. आळीतले लोक बघायला आले होते. पण पावसाळ्यात त्याच्यातून आणि त्याच्या कडेने पाणी गळायचं, आणि नेमकी चुलीशेजारीच माझी स्कूटर उभी असायची. म्हणून मी वर चढलो आणि धुराड्याच्या तोंडावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन विटा. चार महिन्यांपुरतं. पाऊस गेला की काढणार होतो.

ही चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट.

डब्याच्या कडेने थोडा धूर निघताना खालून दिसायचा. जातोय की, असं म्हणून मी निश्चिंत. हौसावहिनी सांगायच्या, "भावजी, पडवीत धूर लय भरतंय." मी सांगायचो, "वहिनी, लाकडं ओली असतील." तज्ज्ञ माणूस सांगतोय म्हटल्यावर त्या गप्प.

आणि माझा रोजचा धंदा काय, तर कारखान्यांच्या धुराड्यांना टोप्या करणं. तीन पायांवर उभी पत्र्याची टोपी, खाली वीतभर मोकळी जागा. धूर जातो, पाऊस येत नाही. अशा शेकडो टोप्या माझ्या हातून गेल्या असतील. घरच्या चुलीला मी डबा घातला.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, तंबाखू, मिशरी काही? वनिता म्हणाली, "लग्नाच्या आधी लावायचे. सोडली." त्यांनी लिहून घेतलं. मला त्या क्षणी केवढं हलकं वाटलं, ते लिहायला आजही हात कचरतो.

*

घरी आल्यावर फोन सुरू झाले. आमची एकुलती मुलगी प्राची अंबरनाथ पश्चिमेला राहते, नोकरी करते. तिने विचारलं, "पप्पा, आईला असं कशाने झालं?"

मी म्हणालो, "मिशरीमुळे."

हौसावहिनींनाही तेच सांगितलं. माझ्या मोठ्या भावाला तेच. वनिता आत भांडी लावत होती, तिला ऐकू जात होतं. तिने एकदाही बाहेर येऊन "काहीतरीच काय" म्हटलं नाही.

डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला होता, सकाळ-संध्याकाळ ओढायचा, आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं आमच्याकडे अजून समजतात, म्हणून वनिता तो कमरेच्या बटव्यात लपवून ठेवायची आणि न्हाणीघरात जाऊन घ्यायची. आणि धुरापासून लांब? हळदींचे दिवस होते, शब्द दिलेले होते. "एवढ्या घेतलेल्या ऑर्डरी होऊ देत, मग बघू," ती म्हणाली. मीही हो म्हटलं.

डबा काढायला शिडी लावायला हवी होती. शिडी लावली की आळीत कुणीतरी विचारणार, काय काढताय? आणि आळीत सदा कुणी ना कुणी असतंच. मी असा दिवस शोधत होतो की बाहेर कुणीच नाही. अकरा दिवस शोधला.

*

बाराव्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी एका मोठ्या घरची हळद. दोघी सकाळी सहापासून चुलीपाशी. त्यांना जागा व्हावी म्हणून मी स्कूटर काढून पुढच्या अंगणात नेली होती आणि फडक्याने पुसत होतो.

"भावजी!" हौसावहिनींची हाक आली. मग पुन्हा, वेगळ्याच आवाजात, "भावजी!"

मी गेलो तर दारातूनच डोळे झोंबले. पडवीत उभ्या माणसाच्या गळ्यापर्यंत धूर खाली आला होता. चूल पेटलेली असताना त्या पडवीत मी कधी पाऊलच टाकत नसे. वनिता भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. तोंड उघडं, पाणी प्यायला उघडावं तसं, पण आत काही जात नव्हतं. खांदे वर जायचे आणि वरच राहायचे. तिने बटव्यातून पंप काढला होता, पण ओल्या पिठाच्या हातातून तो निसटला आणि उकडीच्या परातीत पडला. मी उचलला, लुंगीला पुसला, तिच्या तोंडाला लावला. तिला तो ओढता येईना. ओढायला आधी थोडा तरी श्वास लागतो, हे मला तेव्हा कळलं.

तिने हात वर केला. मला वाटलं मला धरतेय. ती तव्याकडे बोट दाखवत होती. भाकरी करपत होती.

रिक्षात तिला टेकून बसता येत नव्हतं. पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसली. मी पाठीवर हात फिरवत होतो, त्याचा तिला त्रासच होत असावा, कारण तिने माझा हात झटकला. नंतर तोच हात शोधून घट्ट धरला. बदलापूर ते अंबरनाथ रस्ता मी हजारो वेळा केलाय. त्या दिवशी तो संपेना. एका ठिकाणी खोदकामाने गाड्या थांबल्या होत्या. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेल्या माणसासारखी नाही. थकलेल्या माणसासारखी. ते बघून मी घाबरलो.

अंबरनाथच्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळापासून आहे हे?"

मला माहीत नव्हतं. मी बाहेर होतो.

*

सहा दिवस आम्ही त्या वॉर्डात होतो. सकाळी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचे. नव्वदच्या वर असला की सिस्टर मान हलवायच्या, खाली असला की नुसत्या दुसरीकडे बघायच्या. मी त्यांची मान बघायला शिकलो. दिवसातून चार वेळा औषधाच्या वाफेचा मास्क. तो लावला की तिला बोलता यायचं नाही, मग मीच बोलत बसायचो. शेजारच्या खाटेवर जांभूळच्या एक आजी होत्या. त्यांचाही हाच आजार, तीच चूल. तिसऱ्या दिवशी त्या वनिताला म्हणाल्या, "तुझा नवरा लय बोलतंय बाय. याला बी एक मास्क लावा." वनिता मास्कच्या आत हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

त्याच दिवशी प्राचीने मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"पप्पा, मी तिच्या पोटची मुलगी आहे. आईला मिशरी लावताना मी एकदाही बघितलेलं नाही. हे तुम्ही कुठून काढलंत?"

मी म्हणालो, "लग्नाआधी लावायची."

"लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पप्पा."

एवढ्यात हौसावहिनी पेजेचा डबा घेऊन जिना चढून आल्या. दोन मजले चढल्या आणि भिंतीला हात लावून खोकायला लागल्या. तोच खोकला. सूर तोच, मध्ये थांबण्याची जागासुद्धा तीच. एकाच चुलीच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोघी.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं, खाटेशेजारच्या स्टुलावर बसवलं. आणि सांगितलं. वनिताच्या समोर, प्राचीच्या समोर. धुराडं बंद आहे, चार पावसाळे झाले, वर मी डबा घातलाय, स्कूटर भिजू नये म्हणून. लाकडं कधीच ओली नव्हती.

हौसावहिनींनी पेजेचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आन् मी येडी! चार वर्सं लाकरा उन्हात घालतंय, उलटी करतंय, पालटी करतंय! म्हंजे ती सुकीच होती?"

"सुकीच होती, वहिनी."

"मेल्या," त्या म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी मला कधी भावजीशिवाय हाक मारली नव्हती.

प्राची उठून गेली. पुढचे आठ दिवस ती आईशी बोलायची, हौसावहिनींशी बोलायची, माझ्याशी नाही. वनिताने मास्क लावून डोळे मिटून घेतले होते. झोपली होती का, ते मी विचारलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सगळं काही त्या डब्याने झालेलं नाही, लहानपणापासूनचा धूर आहे, वर ही चार वर्षं. यातला पहिला अर्धा भाग मी घट्ट धरून ठेवायला बघितला. रिक्षात दोनदा म्हणूनही दाखवला. दुसऱ्यांदा म्हणताना वनिताला खोकला आला, तेव्हा सोडून दिला.

*

घरी आल्यावर भर दुपारी शिडी लावली. सगळी आळी बघायला. शिडी हौसावहिनींनी धरली होती, आणि त्यांचा तोवरचा राग बघता मी वर फार वेळ घालवला नाही. डबा गंजून धुराड्याला चिकटला होता. ठोकून काढला तर आत बोटभर जाडीची काजळी, डांबरासारखी. खालून आवाज आला, "काय हाय रं वर?" मी म्हणालो, "माझं डोकं."

मग मी चूल नवीन करायला घेतली. अपराधी माणूस फार काम करतो. आठ दिवस वर्कशॉपमध्ये सुट्टीनंतर थांबून पत्र्याची चूल केली. चारही बाजूंनी बंद, पुढे छोटं दार, धूर बाहेर यायला फटच नाही. टेम्पोतून आणली. वनिता अंगणात पाटावर बसून होती, तिने ती वरखाली बघितली.

"ही चूल आहे की कपाट?"

"धूर येणारच नाही यातून."

"भाकरीपण येणार नाही. उभ्याने थापायची का? आणि निखारा कुठे ओढायचा? भाकरी शेवटी निखाऱ्याशी उभी करतात, तेव्हा फुगते. एकोणतीस वर्षं खाताय, कधी बघितलंत का कशी फुगते?"

नव्हतं बघितलं. उंची मी माझ्या कामाच्या टेबलाची घेतली होती.

दुसरी चूल तिने सांगितली, मी केली. तिने खडूने अंगणात आखून दाखवली. बसल्यावर गुडघा कुठे येतो, हात कुठवर पोचतो, तव्याचा घेर केवढा. आत मी जुन्या भट्टीच्या हलक्या विटा लावल्या, म्हणजे आच पत्र्यात न जाता तव्याला लागते. लाकडं जमिनीवर नाहीत, लोखंडी जाळीवर, म्हणजे खालून वारा मिळतो आणि ती धुमसत नाहीत, जळतात. लाकडांचं तोंड अरुंद, त्यामुळे ओंडका जात नाही, बारीक फोडी लागतात. त्या फोडणं आता माझं काम. पुढे निखारे ओढायला एक बसकी जागा, तिच्यावर सरकतं झाकण. मागून धूर धुराड्यात, धुराडं पत्र्याच्या वर हातभर, त्याच्या बुडाशी पाणी अडवायला पत्र्याची झालर. आणि टोकाला टोपी, तीन पायांची, वीतभर मोकळी. ती मी एका दुपारी केली. जेवणाच्या सुट्टीत. एवढंच काम होतं ते. पडवीची एक भिंतही पाडली. स्कूटर आता बाहेर भिजते.

ज्यांच्या घरात अजून चूल आहे, त्यांना सांगतो. नवीन चूल पुढच्या वर्षी करा, पण आज बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे बघा. चूल पेटलेली असताना बघा, धूर भसाभसा वर जातोय की कडेने झिरपतोय. आणि मग आत जाऊन चुलीपाशी बसणाऱ्या बाईशेजारी अर्धा तास बसा. उभं राहून डोकावू नका, बसा. ती म्हणाली धूर येतो, तर धूर येतो.

आणि हेही सांगतो, की चूल बदलली म्हणून आजार गेला नाही. गेलेलं परत येत नाही. पंप सकाळ-संध्याकाळ आहे, वनिता तो आता सगळ्यांसमोर घेते. हौसावहिनींनाही तपासून आणलं, त्यांचं बरंच लवकर कळलं. वनिता चुलीपाशी बसत नाही. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून उकड मळते आणि तिथून ओरडते. भाकरी भाजायला दोन नव्या बायका घेतल्या आहेत. चढ आला की वनिता थांबते. मी पुढे निघून जायचो, आता मीही थांबतो.

*

नवी चूल बघायला गावठाणातल्या सात-आठ बायका एका रविवारी आमच्या अंगणात जमल्या. दोघींना तशीच हवी होती. त्यांना चूल दाखवता दाखवता मी डब्याची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. मिशरी सांगितली, स्कूटर सांगितली, ओली लाकडं सांगितली, कपाट सांगितलं. हौसावहिनींच्या "मेल्या"ची नक्कल केली, तर बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. एक म्हणाली, "अवो, नवरे कबूल तरी कुठं करतात!" मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

त्या गेल्यावर वनिता परात धुऊन उपडी ठेवत होती. मी विचारलं, "कसं सांगितलं?"

ती म्हणाली, "छान सांगता तुम्ही. सगळ्या हसल्या, मीपण हसले. पण मी पडले तो दिवस तुम्ही एका वाक्यात उरकलात. पडली, रिक्षात घातली, दवाखान्यात नेली. तो एवढासा नव्हता हो. पुन्हा कुणाला सांगाल तेव्हा तिथे जरा थांबा."